गालिचा कुणाचा?

यदुल्लाने त्या दिवशी तोंड आवरलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तोंड आवरणारा माणूस तत्त्वज्ञान शिकायला कशाला येईल? तो आपला गावी, खानसारला, मधमाश्या पाळत बसला असता.

मी शेख शाबान. इस्फहानच्या आमच्या मदरशात रीत अशी होती, की उस्तादांचा धडा संपला की दोघादोघांनी जोडी करून बसायचं आणि एकाने तोच धडा दुसऱ्याला शिकवायचा. दुसऱ्याचं काम एकच, आक्षेप काढायचा. पटलं तरी कबूल करायचं नाही. ओरडणं, मांडीवर थापा मारणं, फारच झालं तर पगडी काढून आपटणं, सगळं माफ. यदुल्लाची जोडी माझ्याशी होती. तो माझ्यापेक्षा हुशार होता हे मला मान्य आहे. त्याच्यादेखत मात्र मी ते कधी मान्य केलं नाही, कारण आधीच त्याचं डोकं पगडीत मावत नव्हतं.

आमचे उस्ताद मीर्झा जलाल. तत्त्वज्ञानात त्यांच्या तोडीचा माणूस शहरात नव्हता, आणि स्वतःच्या घरात मीठ कुठे ठेवलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. बायको गौहर खानम फार लवकर गेली. मागे एकच मुलगी, अकदस. मीर्झा दुसऱ्या दिवशीचा धडा आदल्या संध्याकाळी तिला सांगून बघत. ती पालेभाजी निवडत ऐकायची. मध्येच तिचा हात थांबला की मीर्झाही थांबत आणि विचारत, "कुठे अडलं, बेटा?" जिथे ती अडली, तिथे दुसऱ्या दिवशी आमचा अख्खा वर्ग अडायचा. हे गुपित आम्हाला फार उशिरा कळलं.

या अकदसला यदुल्लाने मागणी घातली. मीर्झांना मुलगा पसंत होता. मुलीलाही नापसंत नसावा, कारण तिने चहा आणताना त्याच्या पेल्यात साखरेचे दोन खडे जास्त ठेवले होते. इस्फहानमध्ये साखर अशी उधळत नाहीत.

नवऱ्याने नवरीला द्यायचा मेहेर ठरवायला आम्ही मीर्झांच्या बैठकीत जमलो. यदुल्लाची आई, जिला आम्ही सगळे ननेजान म्हणायचो, मांडीवर मधाचं मडकं धरून बसली होती आणि मुलीकडचे किती सोनं मागतात या काळजीने तिचा जीव टांगणीला लागला होता. पडद्याआडून अकदसचा आवाज आला.

"मला सोनं नको, जमीनही नको. शिकवणं हा मेहेर शरियतला चालतो ना, आगाजान?"

"चालतो," मीर्झा म्हणाले. "कुणी कुराणातली एखादी सुरा शिकवतं."

"सुरा मला येतात. मला मुमकिन आणि वाजिबचा पुरावा शिकवावा. माझा एकही आक्षेप उरणार नाही, इतका."

आता हा पुरावा म्हणजे आमच्या विद्येचा मुकुटमणी. सांगायला अगदी साधा. जगात जे जे दिसतं ते असलं काय आणि नसलं काय, दोन्ही शक्य होतं. तुम्ही, मी, ननेजानच्या मांडीवरचं मडकं. हे सगळं मुमकिन. ते आहे, कारण दुसऱ्या कशामुळे तरी ते आहे. त्या दुसऱ्याचीही तीच कथा. मग असं काहीतरी असलंच पाहिजे, जे कुणामुळे नाही, आपलं आपणच आहे, आणि नसणं ज्याला शक्यच नाही. त्याला आम्ही वाजिब म्हणतो. लोक खुदा म्हणतात.

यदुल्लाचा चेहरा उजळला. "एवढंच? खानम, हा पुरावा तर मी तीन बैठकांत बकरीलाही शिकवीन!"



"मग आधी बकरीचं उरकून घ्या," पडद्याआडून आवाज आला. "माझ्याकडे नंतर या."

मीर्झा इतके हसले की त्यांचा चहा अंगरख्यावर सांडला. ननेजान माझ्या कानाशी लागली. "सोनं नाही, जमीन नाही, नुसती बडबड! शाबान, माझा पोरगा तर जन्मल्यापासून तेच करतोय. फुकटात सून मिळाली रे!" मला मात्र धोका दिसत होता. आमच्याकडे कायदा असा, की निकाह झाला तरी मेहेर पदरात पडेपर्यंत बायको बापाच्या घरी राहू शकते, आणि नवऱ्याला तिला नेता येत नाही. मी यदुल्लाला कोपर मारलं. पण त्याने आधीच "कबूल" म्हणून टाकलं होतं.

निकाह झाला. बायकांनी नवरानवरीच्या डोक्यावर वस्त्र धरून खडीसाखर घासली, नवरीने रिवाजाप्रमाणे तिसऱ्यांदा विचारल्यावर होकार दिला, आणि पुढच्याच गुरुवारी दुपारी शिकवणी सुरू झाली. नवरानवरी आतल्या खोलीत, दार अर्धं उघडं. बाहेर हौदाच्या काठावर मी आणि मीर्झा. मी तिथे कशाला, असं विचाराल, तर जोडीदार हाकेच्या अंतरावर नसला की यदुल्लाची जीभ चालत नसे.

पहिल्या बैठकीत त्याने सगळा पुरावा अरबीत घडाघडा म्हणून दाखवला. सुंदर म्हटला. आत कोथिंबिरीच्या काड्या मोडल्याचा आवाज येत राहिला.

"झालं?" अकदसने विचारलं.

"झालं."

"आता माणसासारखं सांगा."

यदुल्ला खाकरला. "समजा, माणसांची एक ओळ आहे. प्रत्येक जण पुढच्याच्या खांद्यावर रेलून उभा आहे. शेवटी एखादा तरी भिंतीला टेकलेला हवा की नको?"

"ओळ संपतच नसेल तर?"

"संपलीच पाहिजे."

"का?"

"कारण... पुस्तकात तसं म्हटलंय."

माझ्या शेजारी मीर्झांनी कपाळाला हात लावला. "अरे गाढवा," ते हळूच म्हणाले, "पुस्तक तर तिला तुझ्याआधी पाठ होतं."

दुसऱ्या बैठकीत तिने वेगळंच काढलं. "ओळ सरळच कशाला हवी? चौघीजणी पाठीला पाठ लावून गोल बसल्या, तर कुणीच पडत नाही. आम्ही हमामात न्हायला गेलो की अशाच बसतो. प्रत्येकीला दुसरीचा आधार. भिंत कशाला लागते?"

दुसऱ्या दिवशी मदरशाच्या अंगणात आम्ही चार दाढीवाले पाठीला पाठ लावून गोल बसलो आणि पाय उचलून पाहिले. पडलो नाही. हीच पंचाईत झाली. मग यदुल्ला एकदम ओरडला, "अरे, आपण जमिनीवर बसलोय! जमीन काढा!" आणि तो तसाच अनवाणी मीर्झांच्या घराकडे पळाला. तासाभराने तोंड पाडून परत आला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, जमीन कुणी धरलीये ते सांगा. मी म्हटलं, तेच तर सिद्ध करायचंय. ती म्हणाली, मग सिद्ध करा, गृहीत कशाला धरता?"

तिसऱ्या बैठकीत घुमट आला. घुमटाची प्रत्येक फरशी तळहाताएवढी, म्हणून घुमट तळहाताएवढा होतो का? मग जगातली प्रत्येक वस्तू परावलंबी असेल, तरी सगळं जग मिळून स्वतःच्या पायावर उभं असायला काय हरकत? त्या दिवशी मीर्झा हौदाच्या काठावरून उठले आणि आनंदाने येरझाऱ्या घालू लागले. जावई घायाळ होऊन आत पडला होता आणि सासरे बाहेर नाचत होते.

तीन बैठका संपल्या. उन्हाळा संपला. डाळिंबं आली आणि संपली. ननेजानने सून घरी येण्याच्या मुहूर्तावर कापायला म्हणून खानसारहून एक मेंढा आणला होता. यदुल्लाने मदरशाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या होत्या, तिथल्या अंगणात तो बांधला होता. वाट पाहता पाहता तो मेंढा इतका माणसाळला, की यदुल्ला त्याच्यासमोर बसून पुरावा घोकायचा आणि तो मान हलवायचा. "बकरीला शिकवीन म्हणाला होतास ना?" मी म्हणायचो. "निदान मेंढ्याचा तरी आक्षेप नाही."

पण हळूहळू यदुल्लाला हसू येईनासं झालं. एकदा तो चहा तसाच ठेवून म्हणाला, "शाबान, ती हट्ट करत नाहीये. तिला खरंच पटत नाहीये. आणि आता मलाही पटेनासं झालंय."

"तिला सांग ना, एकदा पटलं म्हणून टाक."

"सांगितलं. मीर्झांनीही सांगितलं. ती म्हणाली, मला यायचंय, मी उशीसुद्धा भरून ठेवलीये. पण आजवर एकदाही मला पटलेलं नाही, आणि पटलं असं खोटं बोलून संसाराला सुरुवात करू का?" त्याने पेला दूर सारला. "ती उशीचं म्हणाली तेव्हा मला रडू आलं रे."

मलाही आलं. पण मी साखरेचा खडा दाताखाली धरला.

मग ननेजानचा संयम सुटला. रजब महिना लागला होता. तिने परस्पर खानसारला निरोप धाडून सगळ्या भावकीला हजरत अलींच्या जन्मदिवसाचं आमंत्रण देऊन टाकलं आणि मुलाला समोर बसवलं. "त्या दिवशी सून उंबरठा ओलांडून आली तर आली. नाही आली, तर पाहुण्यांदेखत मी तुला उठवून गावी नेणार. तलाक दे आणि मोकळा हो. तुझ्या मामाची पोर आहे, तिला पुरावे लागत नाहीत. तिला नवरा दाखवला की बास."

आईची शपथ पडली होती. यदुल्ला मीर्झांकडे गेला नाही, मदरशात आला नाही, मेंढ्याच्या गळ्यात हात टाकून अंगणात बसून राहिला. समारंभाच्या आदल्या सकाळी मीच त्याच्याकडे गेलो. ननेजानने गल्लीभर फिरून सामान जमवलं होतं: चहाचा समोवार, थाळ्या, गाद्या. आणि अंगणात पसरला होता एक गालिचा. लाल, जुना, कडेला थोडा विरलेला, पण काय विणकाम! अंगण एकदम दिवाणखाना वाटू लागलं होतं.

दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. मी गालिच्यावर उभा राहिलो, हात कानाला लावले, आणि सवयीने विचारलं, "ननेजान, गालिचा कुणाचा?"

"नानवाईच्या बायकोचा. मागून आणलाय."

नानवाईची, म्हणजे भाकरभट्टीवाल्याची, बायको सदीका तिथेच भाकऱ्या ठेवत होती. ती दचकली. "माझा कुठला? मी हमामवाल्या तूबाकडून आणला होता, पोराच्या सुंतेला."

मी कानाचे हात खाली घेतले. आमच्या धंद्यातल्या माणसाला इथे घाम फुटतो. मागून आणलेली वस्तू मालकाला विचारल्याशिवाय पुढे देता येत नाही. दिलीच, तर तिच्यावर पढलेला नमाज फुकट. उद्या या गालिच्यावर अर्धं खानसार आणि सगळा मदरसा नमाज पढणार होता.

"यदुल्ला, ऊठ," मी म्हटलं. "मालक शोधायला हवा."

तूबाच्या दारात गेलो. ती म्हणाली, "खुदाची शपथ, माझा नाही. रंगाऱ्याच्या विधवेने दिला होता मोहर्रमच्या मजलिसला." रंगाऱ्याची विधवा म्हणाली, "माझ्या नवऱ्याची कबर साक्षीला आहे, माझा नाही. मी पोरीच्या लग्नाला सदीकाच्या सासूकडून आणला." सदीकाची सासू म्हणजे बहिरी बीबी खैरी. तिच्या कानात ओरडलो. तिने मान हलवली. "माझा? छे! हा रंगाऱ्याकडून आला आमच्याकडे, सदीकाच्या लग्नात."

"अहो, रंगाऱ्याकडच्यांनी तो तुमच्याकडूनच नेलाय!"

"हो, आमच्याकडूनच. आम्ही त्यांच्याकडून."

तोवर गल्ली जमली होती. इतकी किमती वस्तू, आणि चार बायका गळ्याला हात लावून शपथा घेत होत्या की माझी नाही, माझी नाही. वस्तू माझीच म्हणून भांडणारे मी पुष्कळ पाहिलेत. वस्तू माझी नाही म्हणून झिंज्या उपटायला निघालेल्या बायका मी त्या एकाच दिवशी पाहिल्या. इस्फहानमध्ये तर हे कुणाला सांगूनही खरं वाटणार नाही.

"आता मीर्झांना विचारायचं," मी म्हटलं. गालिचा गुंडाळला, एक टोक माझ्या खांद्यावर, दुसरं यदुल्लाच्या. मागून चादरी सावरत चौघीजणी, त्यांच्यामागे ननेजान. मेंढा दोर सोडवून आमच्या मागे आला, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

मीर्झांच्या अंगणात गालिचा टाकला आणि मी सगळा प्रकार सांगितला. मीर्झा दाढी कुरवाळत राहिले. आतून अकदसचा आवाज आला, आणि त्या आवाजात हसू होतं.

"यात विचारायचं काय, आगाजान? हिने तिच्याकडून घेतला, तिने हिच्याकडून. गोल पुरा झाला. चौघी पाठीला पाठ लावून बसल्यात. मालक हवाच कशाला?"

यदुल्ला कित्येक दिवस गप्प होता. आता त्याचा बांध फुटला. त्याने पगडी काढून हौदाच्या काठावर आपटली.

"मालक हवाच कशाला? अहो खानम, गालिचा इथे पडलाय! माझा खांदा दुखतोय त्याने! चार बायका असोत नाहीतर चारशे, गोल असोत नाहीतर इथून कयामतपर्यंत ओळ असो. सगळ्या मागून आणणाऱ्या! मागून आणणारी बाई गालिचा पुढे देईल, मागे देईल, फिरवत राहील, पण मागून आणल्याने गालिचा तयार होतो का? अख्खी गल्ली एकत्र केली तरी ती मागून आणणारीच गल्ली! कुणाकडे तरी तो न मागता असल्याशिवाय फिरवायला येणार कुठून? मला मालकाचं नाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही. पण तो नाही असं म्हणू नका, कारण मग हे..." त्याने गालिच्यावर पाय आपटला. "मग हे नसतंच!"

मीर्झांच्या हातातली जपमाळ थांबली.

"पुन्हा म्हणा," आतून आवाज आला. आता त्यात हसू नव्हतं.

"काय म्हणू? मी रागात बोललो. आठवत नाही."

अर्धं उघडं दार पूर्ण उघडलं. चादरीचं टोक दातात धरून अकदस बाहेर आली आणि गालिच्यापाशी उभी राहिली. "उलगडा तरी," ती म्हणाली. "बघू दे मालक कसा आहे ते."

आम्ही गालिचा उलगडला. मध्ये मोठं पदक, भोवती हरणं, कडेला वेली. ती सावकाश कडेने चालत गेली. चौथ्या कोपऱ्याशी आली आणि मटकन खाली बसली. त्या कोपऱ्यात एक हरिण होतं. म्हणजे हरिण असायला हवं होतं. त्याला पाच पाय होते, शिंगं नव्हती आणि ते निळं होतं.

तिने त्या हरणावर बोट ठेवलं. "हे माझं आहे."

"काय, बेटा?"

"आगाजान, हे मी विणलंय. आई मला मांडीवर घेऊन मागावर बसायची. मी म्हटलं, मला मेंढी करायचीये. ती म्हणाली, कर, एक कोपरा तुझा." ती बापाकडे वळली. "हा आईचा गालिचा आहे. आपल्या बैठकीत होता. तुम्हाला आठवत नाही?"

मीर्झांनी गालिच्याकडे पाहिलं, मग बैठकीच्या उघड्या फरशीकडे पाहिलं. "मला वाटायचं," ते हळूच म्हणाले, "की हिवाळ्यात पाय हल्ली जास्त गार पडतात."

आयुष्यभर असण्या-नसण्यावर शिकवणाऱ्या माणसाच्या पायाखालचा गालिचा इतकी वर्षं नव्हता, आणि त्याला पत्ता नव्हता! बायका खदखदून हसल्या. आणि त्या हसण्यात बहिऱ्या बीबी खैरीला अचानक आठवलं. तिने कपाळावर हात मारला. "गौहर! मीर्झाची बायको! पहिल्यांदा तिनेच आणून दिला होता रंगाऱ्याकडे, त्यांच्या थोरल्याच्या लग्नात. तेव्हा ती आजारी होती. म्हणाली, गल्लीत ज्याच्या घरी आनंद असेल त्याच्याकडे जाऊ दे. माझ्या पोरीचं लग्न निघालं की आणून द्या. आणि आम्ही विसरलो गं बाई! ती गेली, आणि आम्ही आपला फिरवत बसलो."

तूबाने तोंडावर हात ठेवून आनंदाची किलकारी दिली. मग चौघींनी दिली. मेंढा घाबरून हौदाच्या मागे गेला. अकदस तशीच बसून होती, तळहात त्या निळ्या हरणावर. यदुल्ला तिच्यासमोर उकिडवा बसला.

"खानम, मालक सापडला," तो म्हणाला.

"सापडली," ती म्हणाली. "गालिचा आईपाशी येऊन थांबला. पण आई कुठे थांबते? तिचे हात तिला कुणी दिले? ती नसती तरी चाललं असतं ना जगाला? ती तर आता नाहीच." तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "तीही मागून आणलेलीच होती. मीही. तुम्हीही. आणि तरी आपण सगळे इथे पडलोय, या गालिच्यासारखे."

यदुल्ला काही बोलला नाही. मी त्याचा जोडीदार म्हणून सांगतो, त्याच्या आयुष्यातलं ते सगळ्यात शहाणं उत्तर होतं.

"मला लहानपणापासून वाटायचं की आईला कुणीतरी आमच्याकडून ओढून नेलं," ती म्हणाली. "मला राग होता. ओढून नेतात ते आपलं असतं. पण ही तर आम्हाला मिळालेली होती, आमचा काही हक्क नसताना! नसतीच मिळाली तर तक्रार करायला मी तरी कुठे असते?" आणि ती रडता रडता हसली. ते हसू मी विसरलेलो नाही. "आगाजान, ओळीवर आता माझा आक्षेप नाही. गोलावरही नाही."

"आणि घुमट?" मीर्झांच्यातला उस्ताद काही गप्प बसेना.

"मागून आणणारी गल्ली ती मागून आणणारीच, म्हणाले ना ते. घुमट पडला."

ननेजानला यातलं काहीही कळलं नव्हतं, पण कामाचं तेवढं कळलं. ती पुढे सरसावली. "म्हणजे उद्या येतेस ना गं?"

"एक आक्षेप उरलाय, ननेजान."

यदुल्लाने डोळे मिटले.

"ज्याला कशाचीच गरज नाही," अकदस म्हणाली, "जो आपला आपणच आहे, त्याने द्यायचं तरी कशाला? न देता बसला असता तर त्याचं काय अडलं होतं?"

यदुल्लाने गालिच्याची विरलेली कड सरळ केली. मग त्याने खरं ते सांगितलं. "हे मला येत नाही."

"मलाही," ती म्हणाली. "मग हे घरी जाऊन बघू. उरलेला मेहेर मी सावकाश घेईन. तोवर माझी अडवणूक नाही."

आता किलकाऱ्या अशा उठल्या की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. मीर्झांनी गालिच्यातला वारशाने आलेला आपला हिस्सा मुलीला देऊन टाकला, आणि मालकिणीने सगळ्यांना त्यावर नमाज पढायची परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी अकदस यदुल्लाच्या उंबरठ्यावर आली तेव्हा कसाई सुरी परजून उभा होता. तिने मेंढ्याकडे पाहिलं. "हा तो? ज्याला पुरावा पाठ आहे?" मी हो म्हटलं. "मग याला कसा कापणार? याचा एकही आक्षेप नाही, आमच्यात असा हा एकटाच," ती म्हणाली. मेंढा वाचला. खानसारच्या भावकीने वांग्याचं भरीत आणि मसूर खाल्ले, थोडी कुरकुर केली, आणि दोन-दोन वाट्या मध ओरपून खूश होऊन गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझंही जमलं, रंगाऱ्याच्या धाकट्या मुलीशी. निकाहच्या सकाळी मी अंगण झाडत होतो. पाहतो तर यदुल्ला आणि अकदस गालिचा घेऊन दारात हजर.

"खानम, हे काय?" मी म्हटलं. "आईचा गालिचा. इतक्या वर्षांनी हाती लागला. चार दिवस तरी घरात ठेवायचा."

"ठेवला होता," ती म्हणाली. "छान होता. मग तुमचं लग्न कळलं, आणि घरात ठेववेना."

"पण तुम्हाला आमच्याकडून काय मिळणार?"

"काही नाही. तुमच्या अंगणात पसरलेला बघायचाय, एवढंच."

यदुल्ला एकाएकी थबकला. त्याने खांद्यावरचं टोक धाडकन खाली टाकलं आणि दोन्ही हात वर केले. "शाबान! ऐकलंस? तिचा शेवटचा आक्षेप! ज्याला गरज नाही तो देतो कशाला? खानम, उत्तर सापडलं! तुम्ही आत्ताच..."

"उत्तर नंतर सांगा," अकदस म्हणाली. "गालिचा मातीत पडलाय. आधी ते टोक धरा."